विषाद आणि गृहस्थधर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, गांडीव हातातून गळते व तो रथात खाली बसतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्यास दोन श्लोकांत कठोर शब्दांनी हटकतात. परंतु तेवढ्याने अर्जुन उठत नाही; आपला शोक पुन्हा सांगून तो मुकाट बसतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. हटकल्याने विषाद जात नाही; तेथे धीराने ऐकावे लागते व वेळ द्यावा लागतो, एवढा बोध प्रत्येक गृहस्थाने यातून घ्यावा.

अर्जुनाचा विषाद प्रसंगाने आला होता. आज ज्यास डिप्रेशन म्हणतात, तो नैराश्याचा विकार मात्र उघड कारण नसतानाही जडतो. दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक बिघडते, शक्ती सरते आणि आपले जिणे व्यर्थ आहे असे वाटू लागते. हा आळस नव्हे आणि नाटकही नव्हे.

पती वा पत्नी यांपैकी एकास हा विकार जडला की साऱ्या घराची घडी विस्कटते. दुसऱ्यावर दुहेरी भार पडतो. तो चिडतो, मग चिडल्याबद्दल स्वतःसच दोष देतो आणि लोक काय म्हणतील या भयाने कोणाशी बोलत नाही. मुलांस वाटते, आपल्याच हातून काही चुकले. म्हणून त्यांस साध्या शब्दांत सांगावे, “आईला बरे नाही, यात तुमचा दोष नाही.”

जोडीदाराने प्रथम डॉक्टरांकडे स्वतः बरोबर जावे. औषधांचा गुण दिसावयास बहुधा २ ते ४ आठवडे, कधी अधिकही लागतात. बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. घरी मोठा उपदेश न करता लहान कामे सोबतीने करावी : सकाळी थोडे चालणे, वेळेवर जेवण, भाजी निवडणे. तसेच आपली झोप व प्रकृती सांभाळावी, आणि भावंडांस अथवा विश्वासाच्या शेजाऱ्यांस मदत मागण्यास संकोचू नये.

मरणाची भाषा निघाल्यास ती थट्टेवारी नेऊ नये. स्पष्ट विचारावे, विचारल्याने तो विचार बळावत नाही. अशा वेळी रुग्णास एकटे न सोडता त्वरित वैद्यकीय साहाय्य घ्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो व मराठीतही बोलता येते. बेळगावकडील मंडळींस धारवाड येथील सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते.

आम्ही पुरोहिताच्या घरी वाढलो. अशा घरची माणसे अंगारा किंवा शांत विचारावयास येतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहोत. श्रद्धेने जे करावयाचे ते अवश्य करावे; परंतु त्यापायी औषध सोडू नये आणि अशक्त रुग्णावर उपवासांचा भार घालू नये. अविवाहित रुग्ण लग्नाने सुधारेल, ही समजूत तर दोन घरे दुःखात लोटणारी आहे.

सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यत्वाचे मानले जाते. अर्जुनाजवळ बसलेला सारथीही त्याचा सखाच होता. ज्यांच्या घरी आज असा विषाद शिरला आहे, त्यांनी तो लपवून न ठेवता याच आठवड्यात डॉक्टरांची गाठ घ्यावी, आणि शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे चार प्रश्न घेऊन जाण्याऐवजी एक वेळचा डबा घेऊन जावे, एवढीच आमची विनंती आहे.