अभ्यासपाठ : कॉस्मेटॉलॉजीच्या परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी



वस्तीवरच्या मुलींच्या शिक्षणासाठी फी, वह्या, एसटीचा पास यांना आपण हातभार लावता. या वेळचा पाठ पैशांविषयी नाही. मुलीच्या शेजारी बसून अभ्यास कसा घ्यावा, हे यात सांगितले आहे. ज्यांनी कधी पार्लरची पायरी चढली नाही, त्यांनाही हा अभ्यास घेता येईल.

दहावीनंतर काही मुली पार्लरचे काम शिकायचे ठरवतात. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराईत या कामाला मागणी असते आणि सुरुवात घरातल्या एका खोलीतही करता येते. अडचण येते ती परीक्षेच्या वेळी. हाताला जे सहज येते ते कागदावर ओळखता येत नाही, आणि मुलगी म्हणते, "मला नाही जमणार."

परीक्षा कोणती?

अमेरिकेत त्वचेवर सौंदर्योपचार करायला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही. त्याच्या जवळचा मार्ग म्हणजे आयटीआयमधील 'कॉस्मेटॉलॉजी' हा एक वर्षाचा ट्रेड. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण मुलीला देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. लेखी भाग संगणकावर, पर्याय निवडण्याचा असतो. लेखीत उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात, प्रात्यक्षिकात मात्र 60 टक्के. म्हणून घोकंपट्टीवर सगळा वेळ घालवू नका. रोज एक तास हाताचा सराव आणि अर्धा तास पुस्तक, हे प्रमाण ठेवा. ब्युटी अँड वेलनेस क्षेत्राचे 'असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट'सारखे लहान कोर्स करणाऱ्या मुलींनाही पुढचे धडे उपयोगी पडतील.

धडा पहिला : आधी धुणे, मग निर्जंतुक करणे

तिला विचारा, "चिमटा नुसता सॅनिटायझरमध्ये बुडवला तर चालेल का?" उत्तर 'नाही' असे आहे. वर मळ किंवा तेल असेल तर औषध आतपर्यंत पोहोचत नाही. आधी साबण-पाण्याने धुवायचे, पुसायचे, मग निर्जंतुक करायचे. शुद्ध अल्कोहोलपेक्षा 70 टक्क्यांचे अल्कोहोल जंतूंवर अधिक काम करते, कारण त्यातले पाणी जंतूच्या आत शिरायला मदत करते. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसच्या वाफेने जंतू पूर्ण मरतात. ब्लेड एकाच ग्राहकासाठी वापरायचे. वॅक्सची पट्टी एकदा त्वचेला लागली की पुन्हा भांड्यात बुडवायची नाही. ही कारणे समजली की प्रश्न कसाही फिरवून आला तरी ती चुकणार नाही.

धडा दुसरा : त्वचा समजून घेणे

त्वचेचे मुख्य थर तीन : वरची बाह्यत्वचा, खालची अंतस्त्वचा आणि त्याखाली चरबीचा थर. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या पातळीवर नवी पेशी जन्मते आणि साधारण चार आठवड्यांत वर येऊन झडते. रंग देणाऱ्या पेशीही त्याच खालच्या पातळीवर असतात. फेशियलमध्ये साधारण महिन्याचे अंतर ठेवायला का सांगतात, याचे उत्तर या चार आठवड्यांत आहे.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो. म्हणून साबणाने वारंवार चेहरा धुतला की तो ताणल्यासारखा वाटतो. हे तिने स्वतः अनुभवलेले असते. अनुभव आधी विचारा, शास्त्रातला शब्द नंतर सांगा.

धडा तिसरा : अवघड नावे, ओळखीचे हात

मसाजच्या पाच प्रकारांची परदेशी नावे मुलींना फार छळतात. ती घरच्या कामाला जोडून द्या. एफ्लुराज म्हणजे लेकराला कुरवाळावे तसा हलका हात. पेट्रिसाज म्हणजे कणीक मळणे. टॅपोटमेंट म्हणजे भाकरी थापणे, पण अगदी हलक्या बोटांनी. फ्रिक्शन म्हणजे घासणे आणि व्हायब्रेशन म्हणजे बोटांचा कंप. तुम्ही नाव घ्या, तिने तुमच्या हातावर करून दाखवावे. मग उलट : तिने हात चालवावा, तुम्ही नाव विचारावे.

धडा चौथा : 'नाही' म्हणायला शिकणे

काम कधी करायचे नाही, हे कळणे फार महत्त्वाचे आहे. चेहऱ्यावर नायटा, पिकलेले फोड, उघडी जखम किंवा डोळे आलेले असतील तर उपचार करायचा नाही, डॉक्टरांकडे पाठवायचे. मधुमेही बाईच्या पायांना फार जपायचे, कारण लहानशी जखमही लवकर भरत नाही. ब्लीच किंवा केसांचा रंग लावण्याआधी कानामागे अथवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून 24 ते 48 तास वाट पाहायची. यालाच पॅच टेस्ट म्हणतात. ग्राहक घाई करते, लग्न उद्यावर आलेले असते, पैसेही समोर असतात. अशा वेळी 'आज नको, ताई' म्हणण्याचे धैर्य लागते. हा प्रसंग घरी नाटकासारखा करून पाहा. तुम्ही हट्टी ग्राहक व्हा.

सराव कोणावर करायचा?

सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. पुस्तक उसने मिळते, चेहरा मिळत नाही. 1871 साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी समाजावर शिक्का बसला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण लोकांच्या मनातला संशय त्या दिवशी संपला नाही. फासेपारधी मुलीसमोर डोळे मिटून चेहरा द्यायला आजही काही बायका कचरतात. ही मुलगी निवडते तो धंदा मात्र पूर्णपणे स्पर्शाचा आणि विश्वासाचा आहे.

म्हणून मंडळीतील भगिनींना विनंती, महिन्यातून एक दुपार तिच्यासमोर बसा. थ्रेडिंग करून घ्या, हाताचे मॅनिक्युअर करून घ्या. दुखले तर तसे सांगा, उगाच कौतुक करू नका. परीक्षकासमोर तिचा हात थरथरू नये, यासाठी हा सराव हवा. आपण तिच्यासाठी प्रार्थना करतोच, आता आपला चेहराही तिच्या हाती देऊ या. बंधूंनी जातीचा दाखला, हॉलतिकीट आणि परीक्षा केंद्रापर्यंतची सोय वेळेत पाहावी. दाखल्याअभावी वर्ष वाया जाऊ देऊ नये.

उजळणीसाठी प्रश्न

1. वॅक्स कोणत्या दिशेने लावतात आणि पट्टी कोणत्या दिशेने ओढतात? (केसांच्या वाढीच्या दिशेने लावतात, उलट दिशेने ओढतात.)
2. थ्रेडिंग करताना त्वचा ताणून का धरतात? (कातडी दोऱ्यात सापडून कापू नये म्हणून.)
3. केसाच्या वाढीच्या तीन अवस्था कोणत्या? (ॲनाजेन वाढीची, कॅटाजेन बदलाची, टेलोजेन विश्रांतीची.)
4. पॅच टेस्टच्या जागी खाज किंवा लाली आली तर? (ते उत्पादन वापरायचे नाही.)

उत्तर चुकले तर लगेच सांगू नका. आधी विचारा, "असे केले तर ग्राहकाच्या त्वचेला काय होईल?" बहुतेक वेळा ती स्वतःच चूक दुरुस्त करील.