स्कीचे बंध आणि चढाईची कातडी

हिमाने झाकलेला पर्वत पायांनी चढावयाचा आणि मग स्कीवरून घसरत उतरावयाचा, या दोन्ही क्रिया एकाच साधनाने करावयाच्या म्हटल्या की एक विरोध उभा राहतो. घसरण्यासाठी केलेली फळी चढताना घसरता कामा नये. चढताना टाच मोकळी हवी, तर उतरताना तीच टाच फळीशी घट्ट जखडलेली हवी. आणि उतरताना माणूस पडलाच, तर जखडलेला पाय त्या क्षणी सुटावयास हवा. न सुटल्यास हाड मोडते. हा विरोध दोन वस्तू सोडवितात. एक म्हणजे स्कीच्या तळाला लावावयाचे कातडे आणि दुसरी म्हणजे बूट व स्की यांना जोडणारा बंध, ज्याला स्कीपटू बाइंडिंग म्हणतात. त्यांची निवड कशी करावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९९८ साली रज्जुमार्गाचा पहिला टप्पा व २००५ साली दुसरा टप्पा सुरू झाला. त्यामुळे अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत, बसून जाता येते. तेव्हा चढण्याच्या साधनांची आता गरज काय, असे वाचकास वाटेल. परंतु रज्जुमार्ग एकाच जागी नेऊन सोडतो. वारा सुटला किंवा हिमपाताचा धोका असला, तर वरचा टप्पा बंद ठेवावा लागतो. पलीकडच्या दऱ्यांत उतरलेल्या माणसाला परत कड्यावर येण्यास स्वतःचे पायच कामी येतात.

प्रथम कातड्याचा विचार करू. त्याचे तत्त्व समजण्यास पर्वतावर जाण्याची गरज नाही. गाईच्या मानेवरून शेपटीकडे हात फिरवावा. तो सुरळीत सरकतो. तोच हात उलट फिरविला की केस उभे राहून त्याला अडवितात. अल्ताई पर्वतातील शिकाऱ्यांनी हे फार पूर्वी हेरले व घोड्याच्या पायाचे केसाळ कातडे स्कीच्या तळाला कायमचे बसविले. केसांची टोके मागच्या बाजूस वळलेली असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे येऊ लागताच केस हिमात रुततात. युरोपात याच कामासाठी सीलचे कातडे वापरीत. आजचे कातडे विणलेले असते, तरी फ्रेंच लोक त्याला अद्याप सीलचे कातडेच म्हणतात.

आजच्या कातड्याचे केस तीन प्रकारचे असतात : मोहेरचे, नायलॉनचे किंवा दोहोंच्या मिश्रणाचे. मोहेर ही अंगोरा जातीच्या बोकडाची लोकर होय. काश्मिरी पश्मिन्याशी तिची गल्लत करू नये. मोहेरचे कातडे हलके असते, घडी केल्यावर लहान होते व पुढे उत्तम सरकते. मात्र ते लवकर झिजते. नायलॉनची पकड अधिक व आयुष्यही अधिक, पण प्रत्येक पावलागणिक ते थोडे ओढते. चार तासांच्या चढाईत ही ओढ मांडीला जाणवू लागते. मिश्रणात मोहेर बहुधा दोन-तृतीयांश असते आणि नवशिक्याने तेच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शुद्ध मोहेरचे सुख पाऊल कसे टाकावे हे शिकलेल्यालाच मिळते. इतरांना ते मागेच घसरविते.

पकड किती लागते, याचे गणित शाळेतील विद्यार्थ्यासही करता येईल. उतारावर मागे न घसरता उभे राहावयाचे, तर कातडे व हिम यांमधील घर्षणगुणांक त्या कोनाच्या स्पर्शज्येइतका, म्हणजे शाळेत ज्याला आपण टॅन म्हणतो तितका, तरी असावा लागतो. १५ अंशांसाठी ही संख्या ०.२७ आहे, २० अंशांसाठी ०.३६ आणि २५ अंशांसाठी ०.४७. कोन दहा अंशांनी वाढला, पण लागणारी पकड पाऊणपटीने वाढली. यासाठीच जाणता माणूस उभा चढ सरळ चढत नाही. घाटातल्या रस्त्याप्रमाणे नागमोडी वाट काढतो. उतार ३० अंशांचा असला आणि त्यावर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून तिरपे गेले, तर वाटेचा प्रत्यक्ष चढ अवघा साडेचौदा अंश भरतो. चांगल्या कातड्याला हा चढ सहज पेलतो. जे काम वाटेच्या वळणाने होते, ते कातड्याकडून करून घेण्याचा हट्ट व्यर्थ आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवितो. एका लाकडी फळीवर घोंगडी ताणून बसवावी. लहान ठोकळ्याच्या तळाला मखमलीचा तुकडा चिकटवून तो घोंगडीवर ठेवावा व फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. ठोकळा कोणत्या कोनाला सुटतो, हे कोनमापकाने मोजावे. मग ठोकळा उलट फिरवून पुन्हा मोजावे. दोन्ही कोनांच्या स्पर्शज्यांत जो फरक येईल, तोच मखमलीच्या केसांच्या कलाचा गुण होय. घोंगडी थोडी ओली करून प्रयोग पुन्हा केल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येईल : पकड ही केवळ कातड्याची नसते, पृष्ठभागाचीही असते.

ओलाव्यावरून आठवले. कातड्याचा खरा शत्रू थंडी नसून ओलाव्यामागून आलेली थंडी हा आहे. उन्हात भिजलेल्या हिमावरून चालत आलेला माणूस सावलीच्या थंड, कोरड्या हिमात शिरला की केसांतील पाणी गोठते, त्यावर हिम चिकटते आणि पायाखाली गोळे तयार होतात. स्की सरकेनाशी होते. एकेक पाय दोन-दोन किलो जड वाटतो. म्हणून निघण्यापूर्वी केसांवर मेणाची वडी कलाच्या दिशेने घासून घ्यावी. कातड्याच्या दुसऱ्या बाजूस चिकट लेप असतो व त्याच्याच बळावर ते स्कीला धरून राहते. फार थंडीत हा लेप आपला चिकटपणा गमावतो. यास्तव एक उतरण संपवून पुन्हा चढावयाचे असेल, तर काढलेली कातडी पिशवीत न टाकता कोटाच्या आत, छातीशी ठेवावी. विकत घेताना पुढच्या टोकाची कडी व शेपटाकडचा आकडा आपल्या स्कीला नीट बसतो की नाही, हे पाहावे. लेप सुटला तरी हे दोन आकडे काही काळ निभावून नेतात. कातडे स्कीच्या आकाराने कापताना दोन्ही बाजूंची पोलादी कड मात्र उघडी राहिली पाहिजे. ती झाकली गेल्यास टणक हिमावरच्या आडव्या वाटेत स्की रुतत नाही आणि माणूस बाजूने घसरतो.

आता बंध. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नोर्हाइम याने एकोणिसाव्या शतकात पिळलेल्या लवचिक फांद्यांचा फास टाचेमागून घेतला, तेव्हापासून बंधाचा इतिहास टाचेभोवतीच फिरत आला आहे. १९३० च्या सुमारास स्विस यंत्रज्ञ गीडो रूज याने तारेचा बंध केला. तार बाजूच्या आकड्यांत अडकविली की टाच खाली दबे आणि आकड्यांतून काढली की मोकळी होई. या बंधाला 'कंदाहार' हे नाव पडले, ते एका स्की-शर्यतीवरून. शर्यतीला ते नाव कंदाहारच्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यावरून मिळाले होते. अशा रीतीने १८८० सालच्या अफगाण युद्धातील एक गाव आल्प्समधल्या बुटांखाली जाऊन बसले!

कंदाहार बंधात एक मोठा दोष होता : पडल्यावर तो सुटत नसे. १९३७ साली अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन स्कीपटू याल्मार व्हाम याने स्वतःचा पाय मोडून घेतला व रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने आपोआप सुटणाऱ्या बंधाची कल्पना मांडली. आजचा प्रत्येक चांगला बंध त्याच विचाराचा वारस आहे. बंधावर जो आकडा कोरलेला असतो, तो सुटण्यास लागणाऱ्या पिळाचे माप दाखवितो. ढोबळमानाने एक एकक म्हणजे दहा न्यूटन-मीटर. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व स्की करण्याची रीत यांवरून हा आकडा ठरतो. तो जाणकाराकडून बसवून घ्यावा. मित्राचा आकडा स्वतःच्या बंधावर बसविणे म्हणजे मित्राचा चष्मा लावण्यासारखे आहे.

चढाईस उपयोगी बंध आज मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. पहिल्यात बूट एका चौकटीवर बसतो आणि चालताना सारी चौकट टाचेबरोबर उचलली जाते. हा बंध भक्कम असतो व बहुतेक साध्या स्की-बुटांना चालतो. पण एकेकाचे वजन किलोच्या वर जाते. दुसरा प्रकार ऑस्ट्रियातील टिरोलच्या फ्रित्झ बार्टेल याने १९८० नंतरच्या दशकात काढला. यात बुटाच्या चवड्याच्या दोन्ही बाजूंस लहान खळगे असतात व बंधाच्या दोन खुंट्या त्यांत शिरतात. चालताना पाय या खुंट्यांवर बिजागरीप्रमाणे फिरतो आणि बंध स्कीवरच राहतो. वजन दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम. तिसरा प्रकार या दोहोंचा संकर : चढताना खुंट्या, उतरताना साध्या बंधाची पकड.

वजनाचे महत्त्व किती? बारा अंशांच्या वाटेने हजार मीटर उंची चढावयाची, तर सुमारे ४,८०० मीटर चालावे लागते. पाऊल सत्तर सेंटिमीटरचे धरल्यास जवळजवळ ६,९०० पावले होतात, म्हणजे प्रत्येक पायाची ३,४०० हून अधिक. चौकटीचे अर्धा किलो वजन दर पावलाला उचलावयाचे, तर एका पायाने दिवसाकाठी १,७०० किलो उचलले! उचलण्याची उंची थोडी असते, हे खरे. तरीही दुपारी तीन वाजता दमलेल्या पायांनी खाली उतरावयाचे आहे, हे विसरू नये. बहुतेक माणसे दमल्यावर पडतात.

तथापि हलकेपणालाही किंमत मोजावी लागते. खुंट्यांच्या बंधात चवड्याच्या स्प्रिंगाखाली हिम दाबून बसले, तर खुंट्या पुऱ्या मिटत नाहीत आणि वळण घेताना बूट अवचित सुटतो. बूट घालण्यापूर्वी काठीच्या टोकाने ती जागा व बुटाचे खळगे साफ करावे. खुंट्या मिटल्यावर पाय दोन-चार वेळा झुलवून पाहावा. बुटाला खळगे नसतील, तर हा बंध निरुपयोगीच. म्हणून आधी बूट पायाला बसवून घ्यावा आणि मग बंध निवडावा. बाजारात बहुधा याच्या उलट घडते.

चालताना खुंट्यांचा बंध खटक्याने कुलूपबंद करतात, नाहीतर तो दर पावलाला सुटेल. कुलूप लावलेला बंध पडल्यावर सुटत नाही. हिमलोट आला असता पायाला अडकलेली स्की नांगरासारखी माणसाला खाली खेचते. स्कीला पायाशी बांधणारी दोरी हेच करते. यासाठी दोरीपेक्षा स्कीला आपोआप थांबविणारा ब्रेक असलेला बंध बरा, थोडा जड असला तरी. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेत असलेल्या लष्करी तुकडीवर हिमलोट कोसळला व १७ जवान मृत्यू पावले. ती माणसे पर्वतात नवखी नव्हती. बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि स्कीला आवडणारा उतारही नेमका तोच. संशयित उतार ओलांडताना कुलूप काढावे की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही; उतार एकेकाने ओलांडावा, यावर मात्र आहे.

निवडीचा क्रम तेव्हा असा लावावा. दिवसात बहुतांशी रज्जुमार्ग वापरून तासभरच चालणाऱ्याने संकर किंवा चौकटीचा बंध घ्यावा व मिश्र कातडे लावावे. त्याचा धोका उतरणीत आहे. गुलमर्गपासून, म्हणजे सुमारे २,६५० मीटरपासून, पायांनी अफरवतवर जाणाऱ्याने तेराशे मीटर चढावयाचे असतात. त्याला खुंट्यांचा बंध हवा, पण शर्यतीचा अतिहलका नव्हे, तर सुटण्याचा आकडा बदलता येणारा व ब्रेकचा. दोन बंधांत मन अडखळले, तर कोणता वर लवकर नेईल हे विचारू नये. पडल्यावर कोणता भरवशाने सोडील, हे विचारावे.

संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर कातडी स्कीवरून काढून दोरीवर टांगावी. काश्मिरी घरात बुखारी पेटलेली असते व ओली कातडी तिच्याजवळ ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास लेप वितळून केसांत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ते कातडे स्कीला धरत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हवेशीर जागी टांगावे. कोरडी झाल्यावर लेपावर जाळी ठेवून घडी घालावी.