दूरशिक्षण आणि अभ्यासाची सोबत : येरवड्याचा धडा

घरबसल्या शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास पाठ्यसाहित्य आज सहज उपलब्ध होते. शंका विचारावयास माणूस मात्र मिळतोच असे नाही. मोबाइलवरील व्याख्यान अर्धवट सोडले, तरी विचारणारे कोणी नसते. प्रवेश घेऊन अभ्यास मध्येच सोडण्याचे मूळ पुष्कळदा या एकटेपणात असते. या दृष्टीने पुण्यातील येरवडा मध्यवर्ती कारागृहाचे उदाहरण उद्बोधक आहे.

भिंतीआडचे अध्ययन

येथील अध्ययनाची परंपरा जुनी आहे. १९२२ ते १९२४ या काळात महात्मा गांधी येथे बंदिवासात होते. त्या काळात त्यांनी उर्दू व तमिळ भाषांचा अभ्यास केला. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी येथेच सांगावयास आरंभ केला आणि सहबंदी इंदुलाल याज्ञिक यांनी तो लिहून घेतला.

पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या दोन्ही विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांची सोय या कारागृहात झाली.

बंदी विद्यार्थ्यास महाविद्यालयात जाता येत नाही, मोबाइलही बाळगता येत नाही. तरीही त्याचा अभ्यास चालू राहू शकतो, याची कारणे पद्धतीत आहेत. मुक्त विद्यापीठाचे पुस्तक शिक्षकाची जागा घेईल अशा बेताने रचलेले असते. विषयाचे लहान घटक पाडलेले असतात आणि प्रत्येक घटकात स्वतःची प्रगती तपासण्याचे प्रश्न असतात. गृहपाठासही महत्त्व असते; इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत त्यास ३० टक्के भार आहे. अभ्यासकेंद्रामुळे अर्ज, पुस्तके व परीक्षा यांविषयी विचारण्याचे एक निश्चित ठिकाण मिळते. शिवाय शिकलेला बंदी दुसऱ्यास समजावून सांगू शकतो.

गावात काय करता येईल?

बाहेरच्या विद्यार्थ्याजवळ साधने अधिक असतात. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम आहेत, तर ‘ई-ज्ञानकोश’वर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पुस्तके आहेत. उणीव असते ती सोबतीची. ती भरून काढण्यास मोठा खर्च लागत नाही.

१. प्रवेशापूर्वी संस्थेस व अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यास पाहून द्यावे.

२. ग्रामपंचायतीने वाचनालयात किंवा शाळेच्या खोलीत सायंकाळचे दोन तास दिवा, टेबल व इंटरनेट यांची सोय करावी.

३. गावातील दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची यादी करून त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवावे. विषय भिन्न असले तरी चालेल; नेमाने भेटणे महत्त्वाचे.

४. गृहपाठाच्या व परीक्षा अर्जाच्या तारखा फलकावर लावाव्यात. एक तारीख चुकल्याने वर्ष वाया जाऊ शकते.

५. न सुटलेल्या शंका लिहून ठेवून विद्यार्थ्याने त्या अभ्यासकेंद्राच्या समंत्रकास विचाराव्यात.

संसार व नोकरी सांभाळून शिकणारी गृहिणी, शेतात राबून रात्री पुस्तक उघडणारा तरुण यांच्याभोवती कारागृहाची भिंत नसते; पण एकटेपणाची असू शकते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि “अभ्यास कुठवर आला?” असे आपुलकीने विचारणारा एक माणूस, एवढी तरतूद प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहे.