हन्ना घरी राहिली

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:२१-२४, यशया ४९:१५



हन्नेच्या प्रार्थनेवर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. तिचे अश्रू, एलीचा गैरसमज, शमुवेलाचा जन्म हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. पण जन्मानंतर काय झाले, त्या चार वचनांवर आपण फारसे थांबत नाही. या अंकात तेवढाच भाग पाहू.

१. तिने यात्रा थांबवली

एलकाना दरवर्षी कुटुंबासह शिलोला यज्ञासाठी जात असे. त्या वर्षी हन्ना गेली नाही. मुलाचे दूध तुटल्यावरच त्याला घेऊन येईन, असे तिने नवऱ्याला सांगितले. त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत अंगावर पीत असे. म्हणजे एक नव्हे, बहुधा दोन-तीन यात्रा तिने सोडल्या. ती देवाला विसरली होती का? मुळीच नाही. जे मूल ती देवाला वाहणार होती, त्याला दूध पाजणे हीच त्या दिवसांतली तिची उपासना होती.

२. तिला कोणी साथ दिली

एलकानाने तिला अडवले नाही. तुला योग्य वाटेल तसे कर, या अर्थाचे तो बोलला. हे वचन वाचताना मला आमच्या कार्यक्षेत्रातील एक घर आठवते.

सातपुड्यात, धडगाव भागातल्या एका पाड्यावर पावरा समाजातील एक मुलगी पहिलटकरीण होती. बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचे. तिसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा बाळ रडत होते आणि आई बाळापेक्षा जास्त रडत होती. "ताई, मला दूधच नाही," एवढेच ती म्हणत होती. पहिला पिवळा चीक सासूबाईंनी पिळून टाकायला लावला होता, आणि कापसाच्या वातीने शेळीचे दूध पाजायची तयारी चालली होती. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या सासूने त्यांना हेच शिकवले होते.

आमच्या आशाताईंनी कोणालाही दोष दिला नाही. त्या आईजवळ बसल्या. दूध भरून यायला दोन-चार दिवस लागतात, तोवर येणारा थोडासा चीक नव्या बाळाच्या इवल्याशा पोटाला पुरतो आणि रोगांपासून त्याचे रक्षण करतो, हे त्यांनी समजावले. बाळाचे तोंड मोठे उघडू द्यायचे, बोंडाबरोबर भोवतीचा काळसर भागही तोंडात जाऊ द्यायचा. नुसते बोंड धरले तर आईला दुखते आणि बाळाला दूध मिळत नाही. बाळ जितके ओढेल तितके दूध वाढते, म्हणून रात्रीही पाजायचे. पाचव्या दिवशी दूध भरून आले. पुढे बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करू लागले, तेव्हा दूध पुरते आहे अशी सासूबाईंचीच खात्री पटली. सहाव्या आठवड्यात वजन तीन किलो शंभर भरले.

पण खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. गुजरातमध्ये ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसेल तर मजुरी घटते. ती गेली असती, तर बाळ दिवसभर फडाच्या कडेला झोळीत राहिले असते. शिवाय बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अमृत आहार योजनेतून स्तनदा मातेला अंगणवाडीत रोज मिळणारे गरम जेवणही सुटले असते. घरात दोन दिवस बोलणी झाली. शेवटी नवरा धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. ती सासूबाईंजवळ राहिली. उचल फेडायला त्या कुटुंबाला जास्त दिवस लागणार आहेत. एलकानाच्या होकाराची किंमत मला त्या दिवशी कळली.

३. आपण काय पाठवावे

अनेक मंडळ्या प्रेमाने विचारतात, "बाळांसाठी दुधाच्या पावडरचे डबे आणि बाटल्या पाठवू का?" नम्रपणे सांगते, पाठवू नका. पाड्यावर पाणी झऱ्यातून येते, सरपण मोजके असते. बाटली नीट उकळली जात नाही आणि जुलाब सुरू होतात. डबा संपतो, तोवर आईचे दूध आटलेले असते. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानेही असे डबे व बाटल्या दान करण्यास मनाई आहे. अनाथाश्रमाचा तेवढा अपवाद आहे. एखाद्या बाळाला डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले, तर ते त्यांच्या देखरेखीखाली दिले जाते.

त्याऐवजी आईला जेवू घाला. स्थलांतर टाळून घरी राहणाऱ्या मातांच्या कुटुंबांना आम्ही ज्वारी, डाळ, तेल, गूळ व शेंगदाणे असा शिधा देतो. आई पोटभर जेवली, विसावली, की पहिले सहा महिने बाळाला दुसरे काहीच लागत नाही. उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. त्यानंतर मऊ वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे अंगावर पाजत राहावे.

यशयाच्या वचनात परमेश्वर आपल्या प्रीतीची तुलना तान्ह्याच्या आईशी करतो आणि ती त्याहूनही मोठी असल्याचे सांगतो. पाजणारी आई बाळाला विसरू शकत नाही, कारण तिचे शरीरच तिला आठवण देते. वेळ झाली की पदर ओला होतो. देवाने स्वतःसाठी निवडलेले हे चित्र राजवाड्यातले नाही, झोपडीतले आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून कोण काय करते?
२. आपल्या घरातील एलकाना कोणता होकार देऊ शकतो?
३. आपले दान घेणाऱ्याची गरज विचारून दिलेले असते का?

प्रार्थनेसाठी : ऊसतोडीला गेलेल्या मातांसाठी व त्यांच्या तान्ह्यांसाठी, आशाताई व अंगणवाडीताईंसाठी, आणि पाड्यावरील सासूबाईंसाठीही, कारण घरातील पुष्कळ निर्णय त्यांच्या हाती असतात.