घुमटाचा रेटा गेला कुठे?

एका सभागृहाच्या काँक्रीट घुमटाचं डिझाइन माझ्याकडे तपासणीला आलं होतं. व्यास 20 मीटर, उंची 4 मीटर, जाडी अवघी 100 मिलिमीटर. सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रांत सगळे ताण मर्यादेत. खटकलं ते एवढंच, की कडेच्या रिंग बीममध्ये ओढ जवळपास शून्य होती आणि म्हणून सळयाही किमान दिल्या होत्या.

मेंब्रेन थिअरीनं कागदावर हिशेब मांडला. वक्रतेची त्रिज्या 14.5 मीटर. नुसत्या स्वतःच्या वजनानं हा घुमट कडेला दर मीटरमागे 15.2 किलोन्यूटन बाहेर रेटतो. त्याला कडेच्या 10 मीटर त्रिज्येनं गुणलं की बीममधली ओढ 152 किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेपंधरा टन! ती गेली कुठे? मॉडेलमध्ये कडेचा प्रत्येक बिंदू पिन केला होता. सगळा रेटा त्या कागदी सपोर्टनी गिळला. साइटवर मात्र खाली बारीक कॉलम येणार होते. समोरासमोरचे रेटे एकमेकांना खोडत असल्यानं आडव्या रिअॅक्शनची बेरीजही शून्यच येत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. काम सुरू होण्याआधी ड्रॉइंग बदलली, म्हणून निभावलं.

शेलचं काम करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीनं सांगतो, आधी हातानं गणित करा. आणि ते गणित कुठे अपुरं पडतं, तेही ओळखा. या घुमटाची कड मेंब्रेन थिअरीप्रमाणे आकसू पाहते, बीम मात्र ओढीनं फाकतो. दोन्ही एकसंध असल्यानं तिथे बेंडिंग येतं. त्याचा पट्टा त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा धरा, इथे सुमारे 1.2 मीटर. मेश 1 मीटरचा असेल तर हे बेंडिंग नीट दिसणारच नाही. कडेशी तो पाव मीटरवर आणा, मग निम्मा करून उत्तर बदलतं का पाहा. त्या पट्ट्यात जाडी वाढवा, सळया दोन्ही अंगांना द्या.

भारही तितक्याच काटेकोरपणे तपासा. इंग्लंडमध्ये फेरीब्रिजला 1 नोव्हेंबर 1965 रोजी आठपैकी तीन कूलिंग टॉवर वाऱ्यानं कोसळले. वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीचा धरला होता. शेजारच्या टॉवरांमुळे वाढणारा जोर हिशेबात नव्हता.

सपोर्ट काय धरले, भार कुठला घेतला आणि हाताचं उत्तर किती आलं, हे एका पानावर लिहून प्रत्येक डिझाइनला जोडा. ते पान नसेल, तर तपासणाऱ्यानं सही करू नये.