शरीराचा वाफसा : सलाईनपूर्वीची पाहणी

इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या शेतकऱ्यास पाण्याचे मोल सांगावे लागत नाही, तशी अतिपाण्याची हानीही सांगावी लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पाण्याच्या अतिवापराने काळ्या जमिनी खारावल्याचा अनुभव जुना आहे. म्हणूनच जाणता शेतकरी मूठभर माती हाती घेऊन वाफसा पाहतो. रुग्णाच्या शरीराबाबतही हाच विवेक आवश्यक आहे.

अशक्तपणा आला की सलाईन लावावे, असा समज खेडोपाडी रूढ आहे. वस्तुतः नेहमीच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ व बाकी पाणीच असते. जुलाब-उलट्यांनी अत्यवस्थ झालेल्या रुग्णास ते जीवदान देते. परंतु हृदय वा मूत्रपिंड दुर्बल असल्यास तेच पाणी फुप्फुसांत साचून जिवावर बेतते.

नाडी, रक्तदाब, पायांवरील सूज, लघवीचे प्रमाण आणि रोजचे वजन ही मूलभूत परीक्षा होय. तरीही कित्येकदा निदान संदिग्ध राहते. अशा वेळी खाटेजवळच केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटते. हृदयाकडे रक्त नेणारी पोटातील महाशिरा २.१ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असून श्वास घेताना निम्म्याहून अधिक आकसत असेल, तर शिरेतील दाब कमी असल्याचे समजते. ती रुंद राहून फारशी आकसत नसेल, तर दाब वाढलेला असतो. दोन्ही फुप्फुसांत अनेक ठिकाणी तीन वा अधिक उभ्या तेजस्वी रेषा दिसल्यास तेथे पाणी साचल्याची शंका येते. अर्थात न्यूमोनियातही अशा रेषा दिसतात. म्हणून केवळ एका चित्रावर निर्णय न घेता ते रुग्णाच्या लक्षणांशी पडताळणे, तसेच उपचारांनंतर पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते.

या यंत्राचा गर्भलिंगनिदानासाठी दुरुपयोग होऊ नये म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. त्यानुसार नोंदणीकृत ठिकाणीच यंत्र वापरता येते; ते मनास येईल तसे गावोगाव नेता येत नाही. या निर्बंधामागे मुलींच्या जीविताचा प्रश्न असल्याने त्याचे काटेकोर पालन व्हावयास हवे. परिणामी, शेळगावच्या रुग्णास धाप, अंगावर सूज वा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसताच बारामती वा इंदापूरच्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचविणे हे गावाचे कर्तव्य होय.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे जरी घरोघरी पटवून दिले, तरी “सलाईन लावा” या आग्रहाऐवजी “सलाईनची गरज आहे काय?” हा प्रश्न विचारला जाईल.