घाम वाळत नाही तिथला उन्हाळा

वार्षिक परीक्षा संपल्या की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांतून सुटीचे बेत सुरू होतात. कोणी मुंबईला काकांकडे, कोणी गणपतीपुळ्याला, कोणी मालवण नाही तर गोव्याला. आरक्षण होते, चिवड्याचे डबे भरले जातात, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरातले एखादे आजोबा दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, तिकडे हवा थंड असते ना? पेपरात मुंबईचे तापमान 34 दिले आहे." आपल्याकडे त्या दिवशी 42 असते. आठ अंशांची सूट मिळाली म्हणून आजोबा खुशीत असतात. या आठ अंशांविषयीच आज लिहायचे आहे, कारण ही सूट बरीचशी कागदावरची असते.

आपल्या शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून तापलेली असली की शरीरातील उष्णता हवेत जाण्याऐवजी उलट आत येऊ लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सात-साडेसात लिटर साधे पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही झाली. तोच घाम न वाळता हनुवटीवरून टपकला, तर पाणी आणि मीठ तेवढे गेले, उष्णता होती तिथेच राहिली.

हे समजण्यासाठी घरातला कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा अगदी गार लागते. तोच कूलर जुलैत लावला तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. माठाचेही तसेच. वैशाखात माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार, श्रावणात कोमट. कूलर, माठ आणि माणूस, तिघांचे तंत्र एकच आहे. हवा कोरडी असेल तर ते चालते. समुद्रकाठची हवा पाण्याने आधीच भरलेली असते, तिला आपला घाम शोषून घेण्याची फारशी शक्ती नसते. म्हणूनच मुंबईत घरोघरी पंखे दिसतात, कूलर क्वचितच. तापमान 34 अंश आणि हवेतील आर्द्रता 70 टक्के असेल, तर सावलीतसुद्धा शरीराला ते 45 अंशांच्या पुढे गेल्यासारखे जाणवते. मग आपल्या 42 अंशांत नांगरटीमागे फिरणारा गडी दादरच्या गर्दीत तासाभरात गळून का जातो, याचे कोडे उरत नाही.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेले लाखो लोक उघड्या मैदानावर उन्हात बसून होते. त्या दिवशी परिसरातील तापमान 38 अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. आपल्याकडे एप्रिलात 38 म्हटले की लोक "आज जरा बरे आहे" म्हणतात. तिथे 14 जण उष्माघाताने दगावले. डोक्यावर सावली नाही, भोवती गर्दी, दमट हवा आणि तासन् तास एका जागी बसणे, या सगळ्यांचा हिशोब थर्मामीटर दाखवीत नाही.

शरीराला नव्या हवेची सवय होते, परंतु त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आपली सहल असते चार-पाच दिवसांची. म्हणजे सवय होण्याच्या आतच आपण परत येतो. तेव्हा बेत आखतानाच पहिले दोन दिवस हलके ठेवावेत. रात्रभर रेल्वेत बसून पहाटे उतरायचे, अंघोळ उरकून लगेच राणीचा बाग, गेटवे, संध्याकाळी चौपाटी, हा आपला नेहमीचा शिरस्ता तरुणांनाही जड जातो. पाहुण्यांचा आग्रह मोडवत नाही, हे मला कळते. तरीही सकाळी 10-11 पर्यंत आणि संध्याकाळी 4 नंतर फिरावे, मधला वेळ पंख्याखाली काढावा. किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटतो तेव्हा ऊन जाणवत नाही. त्या भ्रमात लहान मुले तीन-तीन तास वाळूत खेळतात आणि रात्री अंग भाजल्याप्रमाणे रडतात. टोपी, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, आणि तासाभराने सावली, एवढे पुरते. नायलॉन-पॉलिस्टरचे नवे कपडे लग्नासाठी ठेवावेत. घामोळ्या आणि जांघेतले गजकर्ण घेऊन कितीतरी मंडळी जूनमध्ये माझ्याकडे येतात, त्यात या कपड्यांचा वाटा मोठा.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी पिवळीजर्द होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. घाम फार जात असेल तर जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून घ्यावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून पिऊ नये, प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकमाचे सरबत, ताक, शहाळे उत्तमच. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याचा मारा करू नये, त्यात पोटॅशियम भरपूर असते. हृदयाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून नवे माप ठरवून घ्यावे.

आता औषधांकडे वळू. येथे अधिक लिहितो, कारण खरी अडचण इथेच येते. रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना लघवी वाढविणारी गोळी चालू असते. घामाने पाणी कमी झालेले असताना ही गोळी आणखी पाणी काढते, आणि उठून उभे राहताना चक्कर येते. गोळी मनाने बंद करू नये. निघण्याच्या आठवडाभर आधी रक्तदाब मोजून डॉक्टरांशी बोलावे. तिकडे जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी थोड्या थांबवाव्या लागतात. घाटात मळमळू नये म्हणून आपण ज्या गोळ्या सर्रास घेतो, त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि घामही कमी सुटतो. आंबा घाट उतरेपर्यंत ठीक, पण पुढे चार दिवस रोज "असू द्या" म्हणून घेत राहणे बरोबर नाही. दोन वर्षांखालील मुलांना तर ही गोळी चमच्यात चुरून देऊच नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. खेड्यात वीज नसते तेव्हा इन्सुलिनची बाटली ओल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची युक्ती आम्हीच सांगतो आणि आपल्या कोरड्या हवेत ती चांगली चालते. पण कोकणात तो माठच गार होत नाही, मग आतली बाटली कशी होणार? तिथे मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीज आहे का, हे आधी विचारावे. बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी असते. उभ्या मोटारीत, काचेमागे तर ते ठेवूच नये.

मधुमेहींनी आणखी एक जपावे. बरीच वर्षे साखर असलेल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. किनाऱ्यावर चपला हातात घेऊन चालण्याची सगळ्यांनाच हौस. दुपारची वाळू तव्यासारखी तापते, फोड येतात आणि रुग्णाला संध्याकाळी पाय धुताना कळते. अशी जखम महिनोन् महिने भरत नाही. वाळूत चप्पल घालूनच चालावे आणि रात्री तळपाय डोळ्यांनी पाहावेत.

उष्माघाताविषयी आपल्याकडे एक समज पक्का आहे की अंग कोरडे ठणठणीत झाले म्हणजेच ऊन लागले. दमट हवेत तसे असेलच असे नाही. अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो. खूण घामावर नव्हे, मेंदूवर शोधावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, लडखडू लागला, झटका आला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग भाजत असेल, तर क्षणभरही घालवू नये. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून जोराने वारा घालावा, बर्फ मिळाला तर मान, काखा व जांघांत ठेवावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे काहीही काम करीत नाही. खिशातल्या कांद्याविषयी मी वाद घालीत नाही, तो खुशाल ठेवावा, पण पाण्याची बाटलीही ठेवावी.

समुद्राविषयी थोडेसे. आपली मुले विहिरीत पोहायला शिकतात आणि चांगली पोहतात. पण विहिरीचे पाणी ओढत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. भरती-ओहोटीच्या वेळा गावातल्या कोळ्यांना विचाराव्यात, लाल बावटा असेल तिथे पाण्यात जाऊ नये आणि गुडघ्याच्या वर पाणी घेऊ नये. ओढ लागलीच तर सरळ काठाकडे झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, म्हणजे प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडता येते. जून लागला की समुद्र खवळतो, तेव्हा पाण्यात उतरण्याचा विचारच सोडावा.

ज्यांना शाळेच्या सुटीचे बंधन नाही, त्यांनी डिसेंबर-जानेवारी धरावा. दिवाळीची सुटी ऑक्टोबरात आली तर मुंबईत तेव्हाही उकाडा असतोच. साठी ओलांडलेल्यांना, गरोदर बायकांना आणि वर्षाच्या आतल्या बाळांना मे महिन्यातच न्यायचे झाले, तर निदान मुक्कामाची खोली हवेशीर घ्यावी आणि भाड्यात दोनशे रुपये वाचविण्यासाठी पत्र्याच्या छपराखालची वरच्या मजल्यावरची खोली पत्करू नये. रोजची औषधे मुक्कामापेक्षा चार दिवस जास्त घ्यावीत, निम्मी आपल्याजवळ आणि निम्मी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पिशवीत, आणि दोन्हींत डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक-एक झेरॉक्स.